लूच्या दिवसांतील पिके

लखनौ म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवते ते कैसरबागेतील संगीत विद्यालय. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या प्रयत्नाने १९२६ साली ते उभे राहिले आणि श्रीकृष्ण रातंजनकरांसारख्या आचार्यांनी त्याचे नाव मोठे केले. मीही ह्या शहरात पहिल्याने आलो तेव्हा ती इमारत पाहावयास म्हणूनच बाहेर पडलो होतो. महिना मेचा होता, आणि वेळ दुपारची. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पश्चिमेकडून तो कोरडा, भट्टीचे झाकण उघडावे तसा वारा येत होता, ज्याला इकडे लू म्हणतात. अशा वेळी एका निंबाच्या सावलीत एक म्हातारा ओल्या फडक्यावर ककड्या मांडून बसलेला दिसला. करंगळीहून थोड्या जाड, वीतभराहून लांब, फिकट हिरव्या आणि किंचित वाकड्या अशा त्या ककड्या होत्या. एक मोडली तर काड असा आवाज झाला आणि हाताला पाणी लागले.

लखनौची ही ककडी म्हणजे आपल्याकडील काकडीची सख्खी बहीण नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती खरबुजाचीच एक जात आहे. बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेने 'अर्का शीतल' नावाचा जो वाण पुढे प्रसृत केला, तो ह्याच लखनवी ककडीतून निवडलेला. पण मला त्या दिवशी कुतूहल वाटले ते जातिकुळाचे नव्हे. ज्या वाऱ्याने माझे ओठ अर्ध्या तासात फुटू लागले, त्याच वाऱ्यात ही पाण्याने भरलेली वस्तू वाढली कशी, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर मिळविण्यास मला पुढे काही वर्षे लागली; आणि मधल्या काळात माझ्या हातून एक मूर्खपणाही घडला. तो आधी सांगून टाकतो.

लखनौस बिऱ्हाड केल्यावर घरामागच्या तुकड्यात मी मार्चच्या मध्यास टोमॅटोची रोपे लावली. रोपे झकास वाढली. एप्रिलअखेर पिवळ्या फुलांचे घोस लागले, आणि नंतर एकेक फूल देठाशी सुकून गळू लागले. मी पाणी वाढविले, फुले गळतच राहिली. खत घातले, तेव्हा पाने अधिक गडद झाली आणि फुले अधिक गळाली. जूनपर्यंत कमरेएवढी हिरवीगार झाडे माझ्या दारी उभी होती आणि टोमॅटो मात्र मी बाजारातून आणीत होतो.

कारण अगदी साधे होते. उन्हाने झाड मरणे ही एक गोष्ट आणि उन्हाने फळ न धरणे ही दुसरी. टोमॅटोचे झाड पुष्कळ ऊन सोसते. त्याचा पराग सोसत नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २२-२४ अंशांच्या वर राहू लागले की पराग निकामी होतो व फूल फळावाचून गळते. ह्यात रात्रीचा भाग विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुण्याकडे उन्हाळ्यात दिवस तापला तरी रात्री पुष्कळदा गारवा येतो. लखनौस मेच्या मध्यापासून रात्रीही पारा बहुधा २५ अंशांच्या वरच राहतो. तेव्हा उन्हाळी पिकाची निवड करताना "ह्याला किती ऊन सोसते?" एवढेच विचारून भागत नाही. "ह्याचे फूल कोणत्या तारखेस उमलेल?" हे आधी विचारावे लागते, आणि मग दिवस उलटे मोजीत पेरणीपर्यंत मागे यावे लागते. माझी रोपे पाऊसकाळ सरल्यावर लावली असती, तर हिवाळ्यात त्याच झाडांनी टोपल्या भरल्या असत्या.

दुसरा प्रश्न पाण्याचा. झाड ऊन सोसते ते बहुतांशी पाण्याच्या जोरावर. आपण घाम गाळून अंग थंड ठेवतो तसेच पानही करते. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते आणि तिच्यामुळे पान भोवतालच्या हवेहून थंड राहू शकते. मुळांशी ओल असलेला कलिंगडाचा वेल भर उन्हात ताजातवाना दिसतो तो ह्यामुळे. पण लूसारखा कोरडा वारा सुटला की मुळे पुरवतील त्याहून अधिक पाणी पानांतून जाऊ लागते. झाड स्वसंरक्षणार्थ छिद्रे मिटून घेते. वाफ थांबते आणि पान तापते. म्हणजे 'उष्णता सोसणारे पीक' हा जो शब्दप्रयोग आपण करतो, त्यात निम्म्याहून अधिक वेळा 'पाण्यापर्यंत पोहोचलेले पीक' असाच अर्थ दडलेला असतो. ज्वारी, बाजरी, मका ह्यांसारख्या तृणधान्यांची अंतर्रचना काही वेगळी असून थोड्या पाण्यात व अधिक उष्म्यात ती अन्न तयार करू शकतात हे खरे. पण पाणी त्यांनाही लागतेच.

आता त्या ककडीकडे परत वळू. ती जेथून येते ती जागा पाहावयाची तर नदीच्या पात्रात उतरावे लागते. लखनौतून वाहणारी गोमती लहान आहे. तिच्या वाळूपेक्षा उन्नाव-कानपूरकडील गंगेच्या आणि बाराबंकीपलीकडील घाघऱ्याच्या पात्रांत ह्या वाड्या मोठ्या प्रमाणावर दिसतात. पावसाळ्याचा पूर ओसरला की कार्तिक-मार्गशीर्षात मल्लाह, केवट, काछी अशा समाजांची माणसे ह्या उघड्या पडलेल्या वाळूवर येतात. वरची वाळू कोरडी असते, पण खाली ओल असते. त्या ओलीला हात लागेपर्यंत चर किंवा खड्डे खणतात. त्यांत शेणखत आणि पेंड घालतात, आणि ओल्या फडक्यात मोड आणलेले बी लावतात. ककडी, खरबूज, कलिंगड, दुधी, दोडका, कारले, भोपळा अशी सगळी वेलवर्गीय मंडळी तेथे एका रांगेत नांदतात.

ऐन थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, ही उन्हाळी पिके लावण्यात शहाणपण ते काय, असे आपणास वाटेल. मलाही वाटले होते. त्या दिवसांत वायव्येकडून बोचरे वारे येतात आणि कधी कधी दहिवर गोठते. म्हणून प्रत्येक चराच्या वाऱ्याकडील बाजूस सरकंड्याच्या उंच गवताचे कूड उभे करतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर वेलांचा एक स्वभाव असा आहे की, दिवस मोठे आणि उष्ण झाले म्हणजे त्यांना नरफुले अधिक येतात आणि मादीफुले कमी. फळ धरते ते मादीफुलास. वेल थंडीत लहानाचा मोठा झाला आणि फेब्रुवारी-मार्चच्या सौम्य दिवसांत फुलावर आला, तर त्याला मादीफुले पुष्कळ लागतात. पुढे एप्रिल-मेचे ऊन येते तेव्हा फळ धरून चुकलेले असते आणि उरते ते केवळ त्याला वाढविण्याचे आणि पिकविण्याचे काम. त्या कामाला मात्र ऊन हवेच. पिकण्याच्या सुमारास हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि पाणी हात राखून दिलेले असले तर खरबुजात साखर चांगली भरते. 'लखनौ सफेदा' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढुरक्या सालीच्या खरबुजाची ख्याती ज्या गोडीवर आहे, तिच्यात लूचाही वाटा आहे. ऐन पक्वतेच्या वेळी अवकाळी सर येऊन गेली तर तेच फळ फिके लागते.

थंडी सरली की कुडाचे गवत मोडून तेच वाळूवर अंथरतात. मेमधील वाळूवर अनवाणी उभे राहून पाहावे, म्हणजे ह्या आच्छादनाचे मोल कळते. वेलाची कोवळी टोके आणि फळे तापलेल्या वाळूला टेकली तर भाजून निघतील. शिवाय गवताला वेलाचे तणावे धरून राहतात, म्हणून वारा वेल उलथून टाकीत नाही. एकाच गवताकडून दोन ऋतूंची दोन कामे करून घेणारी ही योजना कोणत्या पुस्तकात प्रथम लिहिली गेली ते मी शोधत बसलो नाही. पुस्तके पुष्कळ नंतर आली असावीत.

आपल्याकडेही हे अगदीच अपरिचित नाही. विदर्भात वैनगंगेच्या आणि वर्धेच्या वाळूत ढीवर, भोई मंडळी डांगरवाड्या करीत आली आहेत. ज्यांची नावे सातबाऱ्यावर नसतात अशा लोकांची ही शेती आहे. दोन्हीकडे जमीन नदीची आणि मुदत पुढच्या पुरापर्यंतची.

नदीपासून दूर, साध्या मळईच्या शेतांतला हिशेब निराळा असतो. अवधात गहू एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास निघतो. मोसमी पाऊस लखनौस पोहोचतो तो बहुधा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे १० एप्रिल ते २० जून धरले तर शेत ७१ दिवस रिकामे असते. ह्या ७१ दिवसांत बसणारे पीक म्हणजे मूग. कानपूर येथील कडधान्य संशोधन संस्थेने ह्या एका अवधीकडे लक्ष ठेवूनच 'सम्राट' आणि त्यानंतर 'विराट', 'शिखा' असे वाण दिले. 'सम्राट' साठ-पासष्ट दिवसांत येतो. 'विराट' तर पंचावन्नच्या आसपास. पूर्वीचे जे वाण ऐंशी दिवस घेत, त्यांना ह्या फटीत जागाच नव्हती. मुगाच्या ह्या नव्या वाणांनी उष्णतेवर मात केली असे म्हणण्यापेक्षा ते आपले काम आटोपून पावसाआधी घरी परतायला शिकले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

मात्र येथे आठ दिवसांची चालढकल सोसत नाही. मोहरी किंवा बटाटा काढून रिकामे झालेले शेत असेल तर पेरा मार्चच्या मध्यापासून करता येतो आणि तोच उत्तम. गव्हानंतर करावयाचा तर १० एप्रिलच्या पुढे फारसे जाऊ नये. उशीर झाला तर फुले ४० अंशांच्या वरच्या उन्हात सापडून गळतात, आणि शेंगा काळ्या होऊन तोडणीस आल्या असता वर पाऊस कोसळतो. शेत आधी ओलवून, वाफसा येताच पेरावे. बी हेक्टरी २५ ते ३० किलो लागते. खरिपापेक्षा हे अधिक आहे. कारण उन्हाळ्यात झाड लहान राहते, तेव्हा ओळी जवळ आणि रोपे दाट हवीत. पहिले पाणी देण्याची घाई मात्र करू नये. उगवण झाल्यावर कोवळी रोपे दुपारी मान टाकतात, शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो आणि तो पाट सोडतो. वीस ते पंचवीस दिवस धीर धरला तर मुळे ओलीच्या शोधात खोल जातात आणि त्यांच्यावरच्या नत्राच्या गाठीही चांगल्या धरतात. त्यानंतर बारा-पंधरा दिवसांच्या अंतराने आणखी दोन-तीन पाळ्या पुरतात. शेंगा भरू लागल्यावर पाणी तोडावे. नाही तर झाड पुन्हा फुलते आणि पक्व शेंगा, कच्च्या शेंगा नि फुले एकाच वेळी अंगावर घेऊन उभे राहते. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या केवड्याला दाद न देणारा वाण घ्यावा आणि फुलकिड्यांवर डोळा ठेवावा. हेक्टरी दहा क्विंटलांच्या आसपास मूग हाती येतो; शेंगा तोडून झाल्यावर पाला जमिनीत गाडला की मागाहून येणाऱ्या भाताला तो खत होतो.

एवढे सगळे चांगले असताना लखनौहून बाराबंकीच्या रस्त्याने मेमध्ये जाताना मूग थोडा आणि दुसरेच एक पीक दुतर्फा दिसते. खिडकी उघडी असेल तर दिसण्याआधी त्याचा वासच येतो. ते पीक म्हणजे मेंथॉलचा पुदिना. गावात त्याला मेंथा किंवा पिपरमिंट म्हणतात. खोकल्याच्या गोळ्या, दंतमंजन, डोक्याला चोळावयाचे मलम ह्यांतील गारवा ह्या झाडाच्या तेलातून येतो. मूळचे हे जपानकडील पीक. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, जिचा आरंभ १९५९ सालचा आहे आणि जिला सर्वजण 'सीमॅप' म्हणून ओळखतात, त्याचे 'कोसी'सारखे वाण काढून ते अवधच्या शेतकऱ्यांच्या हाती दिले. आज मेंथॉल पुदिन्याच्या तेलात भारत जगात पहिला आहे, आणि त्या तेलाचा फार मोठा हिस्सा ह्याच टापूतील उन्हाळी शेतांतून निघतो.

शेतकरी ह्या पिकावर लुब्ध का झाला, ते समजून घेतल्यावाचून त्याला उपदेश करणे अन्यायाचे होईल. पहिले कारण असे की, गुरे पुदिन्याला तोंड लावीत नाहीत. उत्तर प्रदेशात मोकाट गुरे आणि नीलगायी ह्यांचा उपद्रव ज्याने पाहिला आहे, त्याला रात्रभर मुगाची राखण करणे म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. दुसरे असे की, पाला गावातच भट्टीवर चढवून तेल काढता येते, आणि तेल डब्यात भरून घरात ठेवता येते. भाव नसेल तर विकण्याची घाई नाही. मुलीच्या लग्नाला, वैद्याच्या बिलाला डबा उघडावा. कलिंगडाला ही सवड नाही. अर्थात डब्यातले तेल म्हणजे काही सोने नव्हे. २०१२ च्या आरंभी किलोला दोन हजार रुपयांच्या वर गेलेला तेलाचा भाव दोन-तीन वर्षांत निम्म्याहून खाली आला, आणि चढ्या भावाकडे पाहून लावण वाढविलेल्यांचे डोळे पांढरे झाले.

पण माझी खरी शंका भावाची नाही, पाण्याची आहे. पुदिन्याची मुळे उथळ आणि पाने रसाळ. लूच्या दिवसांत गव्हामागून लावलेल्या पुदिन्याला आठ ते बारा पाळ्या द्याव्या लागतात. एका पाळीस सहा सेंटिमीटर पाणी धरले तर हेक्टरी सहा लाख लिटर होतात. दहा पाळ्यांचे साठ लाख. तेल निघते हेक्टरी सव्वाशे किलोच्या घरात. भागाकार केला तर एका किलो तेलामागे जवळजवळ पन्नास हजार लिटर पाणी येते. मुगाच्या चार पाळ्यांचे हेक्टरी चोवीस लाख लिटर होतात. ह्यातले काही पाणी झिरपून पुन्हा खाली जाते, तेव्हा सगळेच खर्ची पडले असे नव्हे. परंतु जे पानांवाटे लूच्या स्वाधीन होते ते त्या वर्षापुरते गेले.

आणि हे पाणी येते कोठून? कूपनलिकांतून. येथे गोमतीची आठवण पुन्हा करावी लागते. गंगा-घाघरा हिमालयाच्या बर्फावर पोसलेल्या. गोमती तशी नव्हे. ती पीलिभीतजवळ माधोटांडा येथील तळ्यातून, सपाट मैदानातच उगम पावते, आणि पावसाळा सरल्यावर तिच्यात जे स्वतःचे पाणी वाहते ते बहुतांशी दोन्ही तीरांच्या जमिनीतून पाझरून आलेले असते. म्हणजे पुदिन्याच्या शेतात उपसलेले पाणी आणि गोमतीच्या पात्रातील ओल ही एकाच रांजणातली आहेत. रांजण खाली गेला की शेतकऱ्याला नळी आणखी खोल घालावी लागते. नदीला तशी काही सोय नाही. म्हणून सीमॅपनेच पुढे सुचविलेली पद्धत मला अधिक पटते: रोपे आधी वाफ्यात तयार करून फेब्रुवारीत वरंब्यांवर लावावीत, म्हणजे पीक मेमध्येच कापणीस येते आणि जूनच्या पाळ्या वाचतात. ज्याला पुदिना सोडवत नाही त्याने निदान लूशी गाठ पडण्याआधी तो कापावा. पण गव्हामागून मूग आणि बटाट्यामागून लवकरचा पुदिना, असा वाटा झाला तर उत्तम, असे माझे मत आहे. मोकाट गुरांचा बंदोबस्त झाल्यावाचून हा वाटा होणार नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना ह्यात नवे वाटू नये. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला 'टी. ए. जी. २४' हा उन्हाळी भुईमूग १९९१ पासून आपल्याकडे आहे. त्याची पेरणी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारीच्या दरम्यान करा, असे सांगतात ते उगाच नव्हे. त्याआधी थंडीने उगवण अडते. त्यानंतर पेरला तर आऱ्या सुटण्याची वेळ कडक उन्हात येते आणि शेंगा काढण्याची वेळ मृगात. भुईमुगालाही दहा-बारा पाळ्या लागतात. ज्याच्या विहिरीला मेअखेर पाणी असते त्यानेच तो करावा. ज्याची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखविते त्याने मूग करावा, अगर शेत नांगरून तापत ठेवावे. तेही काही वाईट नाही, उन्हाने जमिनीतील किडींचे कोष मरतात.

परसबागेपुरते बोलावयाचे तर भेंडी, गवार, चवळी, दोडका आणि दुधी ह्यांच्यावर विसंबावे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बी टोकावे, आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा, आणि पाणी सायंकाळी, थोडे थोडे रोज देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावे. माझ्या मागल्या दारी आता तेवढेच असते. टोमॅटो मी सप्टेंबरात लावतो.

जूनच्या अखेरीस एकदा मी गंगेच्या पात्रातील त्या वाड्यांकडे गेलो होतो. पाणी चढू लागले होते. वेल उपटून एकीकडे ढीग केले होते, कुडाच्या काठ्या मोळ्या बांधून तीरावर नेल्या जात होत्या. एक बाई सर्वांत आधी धरलेल्या फळांचे राखलेले बी राखेत घोळून फडक्यात बांधीत होती. पुढच्या वर्षी वाडी कोठे करणार असे मी विचारले. तिने पाण्याकडे नुसते बोट केले. नदी कोणती वाळू उघडी ठेवील ते कार्तिकात कळणार होते.